इंग्रजी बाजूला ठेवून चिनी: पहिल्या वाक्यांपासून पाट्यांपर्यंत

चिनी शिकायला बसलेल्या मराठी माणसासमोर पहिल्यांदा येतात ती रोमन लिपीतली वाक्यं, आणि तो ती इंग्रजीसारखी वाचतो. 'बी' दिसला की ब, 'झेड' दिसला की झ. मग ग्वांगचौच्या हॉटेलात उतरल्यावर पाणी मागितलं तरी समोरचा नुसता बघत राहतो. खरं तर चिनीतले बहुतेक आवाज आपल्या जिभेला लहानपणापासून येतात, फक्त ते रोमन अक्षरांच्या आड दडलेले असतात. म्हणून या लेखात सगळे चिनी उच्चार देवनागरीतच दिले आहेत. शब्दांमागचे आकडे सुरांचे आहेत, त्यांचं पुढे सांगतो.

आधी ठरवा: कुठं जायचं आहे?

'चिनी' या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. मँडरिन आणि कँटनीज हा बोलीतला फरक आहे. सुलभ (कमी रेघांची) आणि पारंपरिक (जुनी) हा अक्षरांतला फरक आहे. या दोन जोड्या एकमेकींना बांधलेल्या नाहीत. तैपेईत लोक मँडरिन बोलतात आणि पारंपरिक अक्षरं लिहितात. ग्वांगचौत जुने रहिवासी घरात कँटनीज बोलतात, पण दुकानाची पाटी सुलभ अक्षरांत असते. हाँगकाँग आणि मकावमध्ये कँटनीज बोली आणि पारंपरिक अक्षरं. सिंगापूर आणि मलेशियात छापील मजकूर सुलभ अक्षरांत.

यीवूच्या घाऊक बाजारात माल बघायला जाणारा, ग्वांगचौच्या वसंत आणि शरद ऋतूतल्या कँटन फेअर या व्यापारमेळ्याला जाणारा, चीनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारा: या सगळ्यांनी मँडरिन आणि सुलभ अक्षरं घ्यावीत. तैवानच्या विद्यापीठात किंवा कंपनीत निघालेल्यांनी मँडरिन आणि पारंपरिक. हाँगकाँगला चार दिवस जाणाऱ्याचं इंग्रजीवर भागतं. तिथं कँटनीजमधले दोन आभार पुरेत: कुणी काही काम केलं, वाट दिली, चहा ओतला तर 'म्‌-कोय', आणि भेटवस्तू दिली तर 'तो-चे'.

मँडरिनचं नावही जागेप्रमाणे बदलतं. चीनमध्ये ती 'फू३-थुंग१-ह्वा४', तैवानमध्ये 'क्वो२-यू३', सिंगापुरात 'ह्वा२-यू३'. भाषा एकच.

पिनयिन बाराखडीतून वाचा

पिनयिन म्हणजे मँडरिनचे उच्चार रोमन अक्षरांत लिहायची पद्धत. ती चीनमध्ये १९५८ साली लागू झाली. ती घडवण्यात मोठा वाटा असलेले चौ यूक्वांग मूळचे अर्थतज्ज्ञ, आणि ते १११ वर्षं जगले. पिनयिन आखली गेली ती चिनी लोकांच्या सोयीनं, त्यामुळे इंग्रजीत त्या अक्षरांचं काय होतं याच्याशी तिला देणंघेणं नाही.

मँडरिनमध्ये ग, द, ब हे आवाजच नाहीत. तिथं फरक आहे तो क आणि ख यांच्यातला, त आणि थ यांच्यातला, प आणि फ यांच्यातला, म्हणजे हवा सुटते की नाही एवढाच. इंग्रजी भाषकाला हा फरक महिनोन् महिने घोटावा लागतो. आपल्याला तो पाटी-पेन्सिल हातात आली तेव्हापासून येतो. तेव्हा पिनयिनमध्ये 'बी' दिसला की प म्हणा आणि 'पी' दिसला की फ. हा फ 'फळ'मधला, ओठ मिटून म्हटलेला. 'फॅन'मधल्या आवाजासाठी पिनयिनमध्ये 'एफ' आहे आणि इथं तो फ़ असा लिहिला आहे. 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ. 'जी' म्हणजे क, 'के' म्हणजे ख. 'जे' म्हणजे 'चिमणी'मधला च, 'क्यू' म्हणजे छ, 'एक्स' म्हणजे श.

आता खास मराठी माणसाचा फायदा. पिनयिनमधला 'झेड' म्हणजे 'चाक' आणि 'चूल'मधला च. 'चहा'तला च आणि 'चाक'मधला च आपण न सांगता वेगळे म्हणतो. हिंदी भाषकाकडे हा दुसरा च नाही. इथं तो च़ असा लिहितो. पिनयिनमधला 'सी' म्हणजे तोच च़, पण जोरात हवा सोडून. हा मात्र मराठीतही नाही. त्याला छ़ लिहू, आणि सवयीसाठी 'चाक' म्हणताना तोंडासमोर कागद धरून तो हलवून बघा.

'झेड-एच', 'सी-एच' आणि 'एस-एच' हे च, छ, श जीभ ट म्हणताना वळते तशी वळवून म्हणायचे. शाळेत पोटफोड्या ष शिकवला होता आणि नंतर आपण सगळ्यांनीच तो सोडून दिला. तो इथं उपयोगी पडतो. त्यांच्यापुढं पिनयिनमध्ये 'आय' असला तरी ई म्हणू नका, स्वर जिभेतच अडकवून ठेवा. दहा म्हणजे 'ष२', 'षी' म्हणू नका. आणखी एक स्वर नवा आहे: ओठ ऊ म्हणतानासारखे गोल ठेवून आतून ई म्हणायचं.

हा हिशेब एकदा बसला की नावं उलगडतात. बीजिंग हे 'पेइ३-चिंग१' आहे. शी जिनपिंग म्हणजे 'शी२ चिन४-फिंग२'. आणि आपल्या जुन्या वर्तमानपत्रांतलं 'माओ त्से तुंग' हे अलीकडच्या 'झेडाँग'पेक्षा मूळ उच्चाराच्या कितीतरी जवळ आहे.

तैवानला जाणाऱ्यांना रोमनऐवजी 'चू४-यिन१' ही ३७ चिन्हांची पद्धत भेटेल. मुलं शाळेत आधी तीच शिकतात. तिला लाडानं 'पो-फो-मो-फ़ो' म्हणतात, कारण सुरुवात तशी होते: ओठांचे पो, फो, मो, मग दातांचे त, थ, न, ल, मग कंठाचे क, ख, ह. आपली वर्णमाला कंठापासून ओठांकडे येते, ही ओठांपासून निघते, पण मांडणी तीच: जागेप्रमाणे गट, आणि अल्पप्राणानंतर महाप्राण. हा निव्वळ योगायोग नाही. बौद्ध ग्रंथांबरोबर संस्कृतचा वर्णविचार चीनमध्ये गेला आणि तिथल्या जुन्या ध्वनिशास्त्रावर त्याची छाप पडली. मला विचाराल तर मराठी माणसाला चू-यिन पिनयिनपेक्षा सोपी जाते, पण चीनमध्ये ती कुणी वापरत नाही.

सूर

सूर चार, आणि पाचवा बिनसुराचा, हलका. पहिला उंच आणि सपाट, एक स्वर लांबवल्यासारखा. दुसरा चढता, आपण आश्चर्यानं 'काय?' विचारतो तसा. तिसरा खाली दबलेला, मनाविरुद्ध 'बरं…' म्हणतो तसा. चौथा वरून खाली आपटणारा, 'नको!' म्हणून हात झटकतो तसा. 'मा१' म्हणजे आई, 'मा२' अंबाडीसारखी धाग्याची वनस्पती, 'मा३' घोडा, 'मा४' शिव्या देणं.

व्यापाऱ्यांनी एक जोडी आधी पक्की करावी: 'माय३' म्हणजे विकत घेणं, 'माय४' म्हणजे विकणं. भुकेल्यांनी दुसरी: 'ष्वेइ३-च्याओ३' म्हणजे उकडलेले डंपलिंग, 'ष्वेइ४-च्याओ४' म्हणजे झोपणं.

नियम दोनच लक्षात ठेवा. तिसरे दोन सूर लागोपाठ आले की पहिला दुसऱ्यासारखा होतो. म्हणून लिहिताना 'नी३ हाओ३', बोलताना 'नी२ हाओ३'. आणि 'पू४' (नाही) च्या पुढे चौथा सूर आला की तो 'पू२' होतो. बाकीचे बारकावे कानाला आपोआप कळतात.

एक धोका सांगून ठेवतो. मराठीत प्रश्न विचारताना आपण वाक्याचा शेवट वर नेतो. चिनीत तसं केलं की शेवटच्या शब्दाचा सूर बिघडतो. त्याऐवजी शेवटी 'मा' लावायचा, बिनसुराचा. आपल्या 'का'सारखाच तो वाक्याच्या टोकाला बसतो: 'नी३ लाय२ मा?', तू येतोस का?

पहिली वाक्यं

नमस्कारासाठी 'नी२ हाओ३', आणि वयानं मोठ्या माणसाला किंवा ग्राहकाला 'निन२ हाओ३'. 'निन२' म्हणजे आपलं आदराचं 'तुम्ही'. आभार 'श्ये४-श्ये', त्याला उत्तर 'पू२ ख४-छी'. माफ करा, 'त्वेइ४-पू-छी३'. असू द्या, 'मेइ२ क्वान१-शी'. निरोप, 'च़ाय४-च्येन४'.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांत उपयोगी पडतं ते हे: 'थिंग१-पू-तुंग३', ऐकलं पण कळलं नाही. आणि त्याच्या पाठोपाठ 'छिंग३ च़ाय४ ष्वो१ यी२-प्येन४', कृपया पुन्हा एकदा सांगा. प्रसाधनगृहासाठी 'छ़४-स्वो३ च़ाय४ नार३?', तैवानमध्ये 'शी३-षोउ३-च्येन१ च़ाय४ ना३-ली३?' जास्त बरं वाटतं.

हाक मारताना जपा. टॅक्सीवाला किंवा कारागीर असेल तर 'ष१-फ़ु'. हॉटेलात वाढप्याला 'फ़ू२-वू४-य्वेन२'. 'श्याओ३-च्ये' हे तैवानमध्ये तरुण स्त्रीसाठी सभ्य संबोधन आहे, पण चीनमध्ये अनेक ठिकाणी त्याला वाईट वास येतो. तिथं टाळाच.

व्याकरणात मराठी माणसाला दोन ठिकाणी घरच्यासारखं वाटेल. उत्तरेकडच्या मँडरिनमध्ये 'वो३-मन' म्हणजे आम्ही, आणि ऐकणाऱ्याला धरून म्हटलं तर 'च़ान२-मन' म्हणजे आपण. इंग्रजीला हा फरक माहीत नाही. नात्यांतही काका, मामा, आत्या, मावशी यांना वेगळे शब्द आहेत, शिवाय वडिलांचा थोरला भाऊ वेगळा आणि धाकटा वेगळा. लिंग, वचन, क्रियापदाची रूपं यांची कटकट नाही. फक्त क्रियापद कर्माच्या आधी येतं, हे सतत चुकेल.

शाकाहारी मंडळींसाठी जरा थांबतो, कारण इथं नुसतं भाषांतर कामाचं नाही. 'वो३ पू४ छ१ रोउ४', मी मांस खात नाही, असं म्हटलं तर भाजीवर चरबी किंवा खिम्याची चिमूट येऊ शकते. 'रोउ४' म्हटलं की तिथं मुख्यतः डुकराचं मांस समजतात, आणि मासा-कोळंबी त्यात धरतीलच असं नाही. त्यापेक्षा 'वो३ छ१ सू४' म्हणा. 'सू४' हा शाकाहाराचा रुळलेला शब्द आहे. बौद्ध मंदिरांशेजारच्या 'सू४' खाणावळीत सहसा कांदा-लसूणही नसतो, तेव्हा जैनांचीही बरीच सोय होते. अंडं चालत नसेल तर ते वेगळं सांगायला हवं: 'पू२ याओ४ ची१-तान४'.

आकडे आणि भाव

यी१, अर४, सान१, स४, वू३, ल्यू४, छी१, पा१, च्यू३, ष२. झाले. पुढे अकरा म्हणजे दहा-एक, वीस म्हणजे दोन-दहा, नव्याण्णव म्हणजे नऊ-दहा-नऊ. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी पाठ केलेल्या माणसाला हे फुकट मिळाल्यासारखं आहे. वस्तू मोजताना दोनसाठी 'अर४'ऐवजी 'ल्यांग३' येतं, आणि आकड्यानंतर एक मोजशब्द लागतो. आपण 'पाच जण' म्हणतो त्यातला 'जण' तोच प्रकार. चिनीत मात्र माणूस, पुस्तक, कागद सगळ्यांना हा लागतो. अडलात तर 'क४' वापरा, लोक समजून घेतात.

मोठ्या रकमांचा घोळ मात्र महाग पडतो. चिनी लोक दहा हजारांनी मोजतात, त्याला 'वान४' म्हणतात. आपला एक लाख म्हणजे १० वान, एक कोटी म्हणजे १,००० वान. त्यानंतरचा टप्पा 'यी४', म्हणजे आपले दहा कोटी. मिलियनमध्ये नेऊन परत आणू नका, थेट लाखावरून वानवर जा.

भाव विचारायला 'त्वो१-षाओ छ्येन२?'. महाग आहे, 'थाय४ क्वेइ४ ल'. थोडं कमी करा, 'फ्येन२-यी यी४-त्येन३'. युआनला बोलताना 'ख्वाय४' म्हणतात. चार आणि दहा कानाला सारखे वाटतात, म्हणून भाव नेहमी कॅल्क्युलेटरवर दाखवून घ्या. बाजारात सहा ते दहा एकाच हाताच्या खुणांनी दाखवतात: अंगठा आणि करंगळी ताणली की सहा, अंगठा आणि तर्जनी फाकवली की आठ.

अक्षरं: आधी ओळखा, लिहायची घाई नको

चीनच्या २०१३ सालच्या सरकारी यादीत ८,१०५ अक्षरं आहेत, त्यातली पहिली ३,५०० रोजच्या वापरातली. हे आकडे वाचून कुणी घाबरू नये. प्रवाशाला पन्नास अक्षरं ओळखता आली तरी दिवस सुरळीत जातो.

ओळखायला सोपी आधी घ्या. एक, दोन, तीन म्हणजे एक, दोन, तीन आडव्या रेघा (चार म्हणजे चार रेघा नाहीत, तिथं ही युक्ती संपते). रिकामा चौकोन म्हणजे तोंड, आणि त्यावरून दार. त्याच्या आधी एकावर एक दोन डोंगरांसारखं अक्षर दिसलं की बाहेर जायचा मार्ग. चार घरांच्या चौकोनाखाली वाकडी काठी असलेलं अक्षर पुरुषांचं प्रसाधनगृह. तो चौकोन म्हणजे शेत आणि खालचं चिन्ह म्हणजे बळ. चौकोनातून आरपार उभी रेघ म्हणजे 'मध्य', आणि 'चुंग१-क्वो२' म्हणजे चीन या नावातलं पहिलं अक्षर. ही सगळी दोन्ही पद्धतींत सारखीच आहेत.

प्रत्येक अक्षर म्हणजे चित्र, ही समजूत मात्र लवकर सोडा. बहुसंख्य अक्षरांत एक भाग अर्थाकडे बोट दाखवतो आणि दुसरा उच्चाराकडे. आईचं 'मा१' म्हणजे डावीकडे स्त्री, उजवीकडे घोडा, कारण घोडा म्हणजे 'मा३'. प्रश्नाच्या शेवटचा 'मा' म्हणजे तोंड आणि घोडा. आईचा घोड्याशी काही संबंध नाही. डावीकडे पाण्याचे तीन शिंतोडे दिसले की नदी, समुद्र, तलाव असं काही असणार. असे अर्थखूण असलेले भाग, म्हणजे मूलखंड, १७१६ सालच्या खांगशी शब्दकोशानं २१४ धरले. त्यातले वीस-पंचवीस ओळखीचे झाले की नवं अक्षर अगदीच परकं वाटत नाही.

सुलभ आणि पारंपरिक

चीन सरकारनं १९५६ साली अक्षरं सोपी करण्याची योजना काढली आणि १९६४ साली दोन हजारांहून जास्त सुलभ अक्षरांची यादी छापली. १९७७ साली आणखी एक फेरी झाली, ती लोकांना झेपली नाही आणि १९८६ साली मागं घेतली गेली. सिंगापूरनं आधी स्वतःची यादी केली, नंतर चीनचीच घेतली.

ही सुलभ रूपं कुणी खोलीत बसून शोधली असं नाही. बरीचशी शेकडो वर्षं भरभर लिहिण्यात रुळलेली होती. बखरी आणि दप्तरं मोडीत, पोथ्या बाळबोधमध्ये, हे आपल्याला माहीत आहे. हात न उचलता लिहिताना अक्षराचं काय होतं ते मोडी वाचणाऱ्याला सांगायला नको. फरक इतकाच की चीननं ती धावती रूपं उचलून छापखान्यात नेली.

दाराचं अक्षर आठ रेघांवरून तीनवर आलं, घोडा दहावरून तीनवर. घोडा बदलला की घोडा असलेली सगळी अक्षरं बदलतात, म्हणून पाच-पंचवीस भागांची जोडी पाठ केली तर शेकडो अक्षरं हाती लागतात. 'विकणं' तर दोन्हीकडे 'विकत घेणं'च्या डोक्यावर जास्तीच्या रेघा देऊनच होतं. आणि मुंबईच्या चिनी नावात, 'मंग४-माय३'मध्ये, हेच विकत घेणं बसलेलं आहे.

खरी अडचण आहे ती एकत्र केलेल्या अक्षरांची. पारंपरिकमध्ये नूडल्स आणि चेहरा वेगळे. सुलभमध्ये दोन्हींना चेहऱ्याचंच अक्षर. केस आणि 'पाठवणं, निघणं' ही दोनही एकाच अक्षरात गेली. त्यामुळे सुलभ मजकूर यंत्रानं पारंपरिक करताना चुका होतात. तैवानच्या ग्राहकाला माहितीपत्रक द्यायचं असेल तर ते तिथल्या माणसाकडून तपासून घ्याच. प्रेमाच्या अक्षरातून हृदय काढून टाकलं अशी तक्रार तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. ऐकायला छान आहे, पण हृदयाशिवायचं रूप हस्तलिखितांत फार जुनं आहे.

दोन्ही पद्धती एकदम सुरू करू नका. एक पक्की झाली की दुसरी वाचायला फार वेळ लागत नाही. शब्दही थोडे बदलतात: टॅक्सी चीनमध्ये 'छू१-च़ू१-छ१', तैवानमध्ये 'ची४-छंग२-छ१'. 'थू३-तोउ४' म्हणजे चीनमध्ये बटाटा, तैवानमध्ये शेंगदाणा.

नाव

व्हिजिटिंग कार्डावर चिनी नाव हवंच. ते स्वतः शब्दकोशातून जुळवू नका, चिनी माणसाकडून घ्या, कारण उच्चार जुळला तरी अर्थ फसू शकतो. उत्तम नमुना सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले, चिनी शिकले आणि १९४२ साली तिथंच वारले. चिनी लोक त्यांना 'ख१ ती४-ह्वा२' म्हणून ओळखतात: आधी कोटणीसमधल्या पहिल्या आवाजावरून आडनाव, आणि शेवटी 'ह्वा२', म्हणजे चीन. तीन अक्षरं, आडनाव आधी. तुमचंही असंच हवं.

फोनची तयारी निघण्यापूर्वी

फोनच्या कीबोर्डमध्ये 'चायनीज सिम्प्लिफाइड' किंवा 'चायनीज ट्रॅडिशनल' जोडा. पिनयिन टाइप केली की खाली अक्षरांची रांग येते, त्यातून निवडायचं. गोल ओठांच्या ई-साठी 'व्ही' दाबा. हस्ताक्षराचा कीबोर्डही चालू ठेवा, पाटीवरचं अनोळखी अक्षर बोटानं काढता येतं. त्यासाठी रेघांचा क्रम हवा: वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आणि चौकोन असेल तर आतलं भरून मग खालची रेघ.

प्लेको हा शब्दकोश फुकट मिळतो आणि इंटरनेटशिवाय चालतो. तो इथंच उतरवून घ्या, कारण चीनमध्ये गूगलच्या सेवा बंद असतात. पैशांसाठी अलिपे किंवा वीचॅट लागेल. दुकानदार 'साओ३ मा३' म्हणाला की कोड स्कॅन करायचा. त्या 'मा३'च्या अक्षरात डावीकडे दगड आहे आणि उजवीकडे, ओळखीचा झालेला, घोडा.